मान आणि पत

स्मरणिका हाती पडली की वाचक प्रथम कोणते पान उघडतो, हे निराळे सांगावयास नको. अध्यक्षांचे निवेदन, चिटणिसांचा अहवाल, लेख आणि कविता हे सारे मागाहून. आधी आपले छायाचित्र कोठे आले आहे, नाव नीट छापले आहे की नाही, आणि शेजारच्या पेढीची जाहिरात आपल्याहून मोठ्या चौकटीत तर नाही ना, हे पाहून घेतले जाते. यात हसण्यासारखे थोडे असले, तरी लाजण्यासारखे काही नाही. आपण कोणाच्या तरी लेखी आहोत, आपली कोणी दखल घेतो, ही जाणीव माणसाला अन्नासारखी लागते. प्रश्न आहे तो या भुकेचा आजार केव्हा होतो, आणि तो आजार पेढीला, घराला व संघटनेला काय किमतीस पडतो, हा. त्या प्रश्नाचा थोडा विचार येथे मांडावा, असे आम्हांस वाटते.

ही भूक किती साधी असते, ते नव्या वसाहतीत चांगले कळते. भोपाळचे आनंद नगर घ्या. रायसेन रस्त्यावरील हे उपनगर. जवळच अवजड विद्युत यंत्रसामग्रीच्या कारखान्याची वसाहत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. तोपर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. कचेऱ्या हलल्या, आणि त्यांच्याबरोबर नागपूरची कितीतरी मराठी कुटुंबेही भोपाळास आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या कारखान्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. गावी ज्याला चार आळ्या ओळखत, ज्याच्या आजोबांचे नाव सांगताच दुकानदार उधारी देई, तो येथे आला तो केवळ एक हजेरीपटावरचा क्रमांक होऊन. अशा माणसाला कोपऱ्यावरचा किराणावाला एके दिवशी नावाने हाक मारतो, “साहेब, मुलाचा ताप उतरला का?” असे विचारतो, तेव्हा त्याचे मन किती निवते, हे ज्याने परमुलूख पाहिला आहे तोच जाणे. आपल्या व्यापारी वर्गाचे अर्धे कौशल्य यातच आहे. आपण माल विकतो, आणि मालाबरोबर ओळखही देतो. दुसऱ्याची दखल घेण्याचा हा गुण ज्याच्यापाशी आहे, त्याचे दुकान आडबाजूला असले तरी चालते.

मात्र या भुकेचे एक दुसरेही रूप आहे. प्राचीन ग्रीक कथेत नार्सिसस नावाचा एक देखणा तरुण येतो. त्याने कोणाच्याही प्रेमाकडे वळून पाहिले नाही, आणि शेवटी पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर मोहित होऊन तो तेथेच झिजून मेला. ही कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितली आहे. तिच्यातील दुसऱ्या पात्राकडे लोकांचे लक्ष कमी जाते. ते पात्र म्हणजे एको नावाची वनदेवता. शापामुळे तिला स्वतःचे असे काही बोलता येत नसे; दुसऱ्याच्या वाक्याचा शेवटचा तुकडा तेवढा ती परत म्हणे. नार्सिससच्या ध्यासाने ती क्षीण होत गेली, आणि अखेर तिचा केवळ आवाज उरला. आम्हांस वाटते, या आजाराचे खरे वर्णन या दोघांत मिळून आहे. ज्याला अष्टौप्रहर आपलेच प्रतिबिंब पाहावयाचे असते, त्याच्याभोवतीच्या माणसांचे हळूहळू प्रतिध्वनी होतात. मुनीम ‘होय शेठजी’ म्हणतो, धाकटा भाऊ मान डोलावतो, पत्नी गप्प राहते, आणि मुलगा दुसऱ्या गावी नोकरी शोधतो.

पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी या वृत्तीला नार्सिससचेच नाव दिले. व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइडने 1914 मध्ये तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. मूळचे व्हिएन्नाचेच, पण पुढे शिकागोत स्थायिक झालेले हाइन्झ कोहुट यांनी 1971 च्या आपल्या ग्रंथात तिचा निराळ्या अंगाने विचार केला. लहान मुलाला आईच्या डोळ्यांत आपल्याविषयीचा आनंद दिसावा लागतो; तो पुरेसा मिळाला नाही, तर मोठेपणीही माणूस तोच शोधत हिंडतो, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. 1980 मध्ये अमेरिकन मानसरोग-तज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीत आत्मप्रौढीचा हा विकार प्रथम नोंदला गेला. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. रोगाचे निदान हे वैद्याचे काम. ते वाचून घरातील कोणा वडीलधाऱ्यावर नाव चिकटवणे हे आपले काम नव्हे. तज्ज्ञ असेही सांगतात की ही वृत्ती थोड्याबहुत प्रमाणात सर्वांत असते, आणि तिची दोन तोंडे आहेत. एक उघड बढाईचे. दुसरे अबोल, चटकन दुखावणारे. जो सभेत गर्जतो तो पहिला. निमंत्रणपत्रिकेत आपले नाव तिसऱ्या ओळीत गेले म्हणून दोन वर्षे लग्नकार्यास येत नाही, तो दुसरा. दोघांची भूक एकच.

हे सारे नवे ज्ञान आहे असे मात्र समजण्याचे कारण नाही. आपल्या शास्त्रकारांनी क्रोध, मान, माया व लोभ असे चार कषाय सांगितले, आणि मानाच्या चार प्रती लावल्या. पहिला मान दगडाच्या खांबासारखा, दुसरा हाडासारखा, तिसरा लाकडासारखा आणि चौथा वेतासारखा. वेत हाताने वाकतो. लाकूड तेलपाणी व शेक दिल्यावर वाकते. हाड फार प्रयासाने, आणि दगडाचा खांब मोडतो पण वाकत नाही. या उपमेत मान कोणापाशी नसतो असे कोठेही म्हटलेले नाही; तो वाकतो की नाही, एवढेच विचारले आहे. शेठजींच्या देखत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची कोणी स्तुती केली, आणि शेठजी क्षणभर थांबून “खरे आहे, त्यांचा माल चोख असतो” असे म्हणाले, तर त्यांचा मान वेताचा. त्या स्तुतीने त्यांची रात्रीची झोप उडाली, तर खांब दगडाचा झाला की काय, हे तपासावयास हवे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत: ज्ञानाचा, पूजेचा, कुळाचा, जातीचा, बळाचा, ऋद्धीचा, तपाचा आणि देहाचा. यांतील दुसरा आमच्या विषयाचा गाभा आहे. पूजेचा मद म्हणजे लोक आपल्याला मान देतात, याचाच मद. ज्ञान, बळ आणि संपत्ती या निदान स्वतःपाशी असलेल्या वस्तू. हा मद सर्वस्वी दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारा. म्हणून तो सर्वांत अस्वस्थ. आज सत्कार झाला, उद्या काय? पूर्वी वर्षातून एखादा सत्कार होई; आता खिशातील दूरध्वनीवर घडीघडीस किती जणांनी पसंती दर्शविली याचा आकडा दिसतो. वाढदिवसाचे फलक चौकात लागतात, आणि त्यांवर शुभेच्छुकांची छायाचित्रे उत्सवमूर्तीपेक्षाही ठळक असतात. साधने बदलली, भुकेची जात तीच राहिली. आणि तपाचाही मद शास्त्रकारांनी यादीत घातला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. उपवास करणाराही या जाळ्यातून आपोआप सुटत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता पेढीकडे वळू. आमच्या परिचयात कापडाची एक जुनी पेढी होती. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वडिलांनी ती शून्यातून उभी केली होती, यात शंका नाही. पण पुढे पुढे तीच गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकास ऐकवू लागले. मुलगा चाळिशीचा झाला तरी धनादेशावर सही करण्याचा अधिकार त्यास नव्हता. त्याने आणलेला नवा माल खपला, तर वडील म्हणत, “नाव माझे आहे म्हणून खपला”, पडून राहिला, तर म्हणत, “मी सांगितलेच होते.” जुन्या मुनिमाने एकदा खरेदीतली चूक दाखविली, तेव्हा चार माणसांसमक्ष त्याची इतकी निर्भर्त्सना झाली की पुढे त्याने चुका दाखविणे बंद केले. प्रतिध्वनी कधी चूक दाखवीत नाही. मुलगा नोकरीवर गेला, मुनीम थकून घरी बसला आणि काही वर्षांत गादी उठली. लोक म्हणाले, बाजार मंदावला. बाजार मंदावला होता हे खरे. पण त्याच आळीतील इतर दोन दुकाने त्या मंदीतून तरून गेली. त्या पेढीत मंदीची खबर देणारे कोणी उरले नव्हते.

याच संदर्भात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला एक शोध व्यापारी वाचकांस मनोरंजक वाटेल. संगणक-व्यवसायातील 111 मुख्याधिकाऱ्यांची आत्मप्रौढी त्यांनी मोजली. मोजण्याचे माप काय? कंपनीच्या वार्षिक अहवालात त्या अधिकाऱ्याचे छायाचित्र किती ठळक छापले आहे; कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकांत त्याचे नाव किती वेळा येते; मुलाखतीत तो ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ किती म्हणतो; आणि त्याच्या खालोखालच्या अधिकाऱ्यापेक्षा त्याची मिळकत किती अधिक आहे. अशी माणसे धाडसी उलाढाली अधिक करतात, दुसऱ्या कंपन्या अधिक विकत घेतात, आणि त्यांच्या कंपन्यांचे निकाल टोकाचे असतात: एका वर्षी उंच, दुसऱ्या वर्षी खोल. सरासरीने पाहता मात्र त्यांच्या कंपन्या इतरांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, वाईटही ठरल्या नाहीत. ज्यास आपल्या भांडवलावर डोलारा उभारावयाचा आहे, त्याला हा निष्कर्ष चालेल. ज्याच्या भांडवलात विधवा बहिणीची ठेव गुंतली आहे, त्याने मात्र सावध राहावे.

हे बीज घरात कसे पेरले जाते, याचाही अभ्यास झाला आहे. नेदरलँड्समध्ये 7 ते 11 वर्षांच्या 565 मुलांचे व त्यांच्या आईबापांचे दर सहा महिन्यांनी निरीक्षण करून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. “आमचे मूल इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे, त्याला विशेष वागणूक मिळाली पाहिजे,” असे मानणाऱ्या आईबापांच्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढली. ज्या मुलांना घरात माया मिळत होती, त्यांच्यात आत्मप्रौढी वाढली नाही. त्यांचा आत्मविश्वास वाढला. दोहोंतील भेद ध्यानी घेण्यासारखा आहे. “तू आम्हांस हवा आहेस” हे एक वाक्य, आणि “तू सर्वांहून वरचढ आहेस” हे दुसरे. पहिल्याने मुलाचे पोट भरते. दुसऱ्याने त्याला कायमची भूक लागते, कारण वरचढपणा रोज नव्याने सिद्ध करावा लागतो. परीक्षेचा निकाल लागला की चुलत भावाचे गुण प्रथम विचारणाऱ्या घरांनी यावर विचार करावा.

येथे कोणी विचारील, मग देणगीदाराने नाव देऊच नये काय? धर्मशाळेच्या पायरीवर, पाणपोईवर, पंख्याच्या पात्यावर नावे असतात, ती सारी खरवडून टाकावीत काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचा पुरावा आनंद नगराच्या रस्त्यावरच आहे. याच रायसेन रस्त्याने रायसेनवरून पुढे गेले की सांची लागते. तेथील मोठ्या स्तूपाच्या कठड्यांवर व फरसबंदीवर दात्यांचे सहाशेंहून अधिक लहान लहान लेख कोरलेले आहेत. कोणी भिक्षुणी, कोणी गृहिणी, कोणी व्यापारी. विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी दक्षिण तोरणावर आपले काम दान म्हणून नोंदविले. त्याच तोरणावर सातवाहन राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुकादम आनंद याचेही दान आहे. एका दात्याने एक दगड दिला, नाव कोरले, आणि शेजारच्या दगडाला जागा ठेवली. कोणाचेही नाव स्तूप झाकून टाकीत नाही.

या नोंदींनी पुढे एक अद्भुत उपकार केला. ब्राह्मी लिपी कोणासच वाचता येत नव्हती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या ध्यानी आले की सांचीचे बहुतेक छोटे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. हे दात्यांचे लेख असावेत असा तर्क करून त्यांनी तो शब्द ‘दानं’ असा लावला, आणि त्या किल्लीने लिपीचे कुलूप उघडले. अशोकाचे शिलालेख वाचता आले ते या साध्या दात्यांमुळे. गंमत अशी की दात्यांची नावे निरनिराळी असल्याने त्यांचा तेव्हा उपयोग नव्हता. सर्वांत समान असलेला ‘दानं’ हा शब्दच कामी आला.

आपल्या मराठी भाषेचीही कथा अशीच आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी जो मराठी लेख आहे, त्याची गणना मराठीच्या अत्यंत प्राचीन शिलालेखांत होते. मूर्ती चावुंडरायाने करविली व भोवतालचा प्राकार गंगराजाने करविला, एवढेच तो सांगतो. देणगीदाराच्या नावाने आपली भाषा दगडावर उमटली. तेव्हा नावाचा तिटकारा करण्याचे कारण नाही. पण त्याच क्षेत्राची परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. एवढी प्रचंड मूर्ती आपण उभारली, याचा चावुंडरायास गर्व झाला. त्याने घडेच्या घडे दुधाचा अभिषेक केला, पण दूध कमरेखाली उतरेना. तेव्हा एक दरिद्री म्हातारी फळाच्या करवंटीत थोडे दूध घेऊन आली, आणि त्या दुधाने मूर्ती पायापर्यंत न्हाऊन निघाली. ती गुळ्ळकायज्जी. तिची मूर्ती आजही गोमटेश्वरासमोर उभी आहे. ज्याच्या गर्वाचा परिहार झाला, त्याचेही नाव राहिले आणि जिने तो केला, तिचेही राहिले. परंपरेने दोघांची नोंद ठेवली.

नाव कोरण्याच्या हव्यासाचा शेवट काय, हे आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणात दाखवून ठेवले आहे. षट्खंड जिंकून भरत चक्रवर्ती वृषभाचल पर्वतावर आपले नाव कोरण्यास गेला. पाहतो तो कडा आधीच्या चक्रवर्तींच्या नावांनी भरलेला. एका नावापुरतीही जागा रिकामी नाही. आपल्यासारखा आपणच, हा त्याचा समज तेथे गळून पडला. अखेर एकाचे नाव पुसून त्यास आपले नाव लिहावे लागले. आपल्यामागून येणारा कोणाचे नाव पुसणार, हे त्याला कोणी सांगावयास नको होते.

आणि भरताचा भाऊ बाहुबली? त्याने तर जिंकलेले राज्य सोडले. श्वेतांबर परंपरेतील कथा अशी की वर्षभर तो अचल उभा राहिला, वेली अंगावर चढल्या, तरी केवलज्ञान होईना. कारण आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांस वंदन कसे करावे, हा सल मनात होता. तेव्हा ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी आल्या, आणि हत्तीवरून खाली उतर, एवढेच त्या भावास म्हणाल्या. भाऊ तर जमिनीवर उभा! पण त्यास अर्थ कळला. वंदनासाठी त्याने पाऊल उचलले, आणि त्याच क्षणी ज्ञान झाले. ही ब्राह्मी तीच, जिच्या नावावरून ब्राह्मी लिपी ओळखली जाते असे परंपरा मानते. राज्य टाकता आले, देहाची पर्वा टाकता आली, पण मान टाकण्यास दुसऱ्याचा शब्द लागला. त्या पेढीवरच्या मुनिमास गप्प केले गेले, तेव्हा असाच एक शब्द गप्प केला गेला होता.

म्हणून आमचे सांगणे व्यापाराच्या भाषेतच आहे. आपल्या धंद्यात मान आणि पत या दोन निराळ्या वस्तू आहेत. मान मागून मिळतो, विकतही मिळतो. व्यासपीठावरची खुर्ची, हार, शाल यांचे दर ठरलेले आहेत. पत मागून मिळत नाही. ती आपल्या वहीत जमा करून घेता येत नाही, कारण ती दुसऱ्याच्या वहीत लिहिलेली असते: ज्याची हुंडी वेळेवर भरली त्याच्या, ज्याला मापात पुरते दिले त्याच्या, ज्या नोकराचा पगार मंदीतही चुकवला नाही त्याच्या. मानाचा भुकेला माणूस दुसऱ्याकडे पाहतो तो त्यात स्वतःस पाहण्यासाठी. पत कमावणारा दुसऱ्यास पाहतो.

तेव्हा पुढील वहीपूजनास आपण एवढे करून पाहावे. पेढीवर एका तरी माणसास चूक दाखविण्याचा अधिकार द्यावा, आणि त्याने तो वापरला की राग गिळावा. घरात मुलाच्या गुणांआधी त्याची विचारपूस करावी. मंडळाच्या सभेत आपल्या कामाचा उल्लेख करताना ज्यांनी सतरंज्या घातल्या, पावत्या फाडल्या, रात्री हिशेब जुळविले, त्यांची नावे आधी घ्यावीत आणि आपले शेवटी. दान द्यावे, नावही द्यावे, पण शेजारच्या दगडाला जागा ठेवून. मंडळाचे कार्य अनेकांच्या हातांनी चालते; त्या हातांची दखल वेळच्या वेळी घेतली गेली, तर मानापमानाचे निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत, आणि उरलेले सामंजस्याने मिटतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.